पेशी वाढल्या खऱ्या, पण कुठे वाढल्या ते बघा

पत्र आलंय मराठवाड्यातल्या एका आईचं. मोठं होतं, थोडं आटोपशीर करून देतोय:

"डॉक्टर, माझा मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत आहे. गणपतीच्या दिवसांत त्याच्या बोटांच्या बेचक्यात आणि पोटावर खाज सुटली, खाजवून खाजवून फोड आले, ते पिकले, मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली ती लावली, पंधरा दिवसांत खपल्या पडल्या. आम्हाला वाटलं झालं. दसऱ्यानंतर एक दिवस सकाळी उठला तर डोळे सुजलेले, दोन दिवसांनी लघवी बिनदुधाच्या चहासारखी, आणि तीही थोडीथोडीच. दवाखान्यात नेलं तर बीपी १५०. ॲडमिट केलं. क्रिएटिनिन १.४ होतं ते वाढत २.६ झालं म्हणून किडनीचा तुकडा काढून तपासला. रिपोर्टात 'डिफ्यूज एंडोकॅपिलरी प्रोलिफरेटिव्ह ग्लोमेरुलोनेफ्रायटिस' असं लिहिलंय. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की किडनीतल्या पेशी वाढल्यात, जंतूमुळे झालंय, बरा होईल. आता घरी आलोय, क्रिएटिनिन ०.९ आहे, बीपीची गोळी चालू आहे. पण जाऊबाई म्हणतात पेशी वाढतात तो कॅन्सरच असतो, डॉक्टर आपल्याला सांगत नाहीत. एएसओ नावाची टेस्ट तर नॉर्मल आली, मग जंतूमुळे कसं? पेशी वाढल्या तर त्या कमी करायचं औषध का नाही दिलं? नारळपाणी आणि गोखरूचा काढा रोज देऊ का? सासूबाई म्हणतात मी अंगावर काढलं म्हणून झालं. परत होईल का हे? रिपोर्टाचा फोटो पाठवतेय."

ताई, आधी जाऊबाईंचं मिटवू. कॅन्सर नाही, आणि तुम्ही पाठवलेल्या पानावर कॅन्सरची शंका यावी असं एक अक्षरही नाही. पेशी वाढणं ही शरीरातली रोजची गोष्ट आहे, कातडी, आतडं, रक्त सगळीकडे जुन्या जातात नव्या येतात, गुडघा फुटला तर ती जखमही पेशी वाढूनच भरते. कॅन्सरमधल्या पेशी कुणाचं ऐकत नाहीत, वाढायचं कारण संपलं तरी वाढतच राहतात. तुमच्या मुलाच्या किडनीत वाढायचा निरोप बाहेरून आला, काही दिवस तो जोरात होता आणि आता ओसरलाय, आणि हे मी अंदाजाने म्हणत नाहीये, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, २.६ वरून ०.९ वर आलंय ते उगाच नाही आलेलं.

आता नेमकं काय झालं ते सांगतो, जरा लांबेल पण एकदा कळलं की तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

फोड पिकले ते बहुतेक स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे. बोटांच्या बेचक्यातली ती खाज बहुतेक खरजेची. खरजेचा किडा कातडीत बीळ करतो, मूल नखांनी खाजवतं, कातडी सोलवटते आणि तिथे हा जंतू शिरतो. घसा दुखतो तोही पुष्कळदा याच जंतूमुळे. आता महत्त्वाचं म्हणजे हा जंतू किडनीत जात नाही. पुष्कळ लोकांचा इथेच घोळ होतो, त्यांना वाटतं किडनीत इन्फेक्शन झालं, पू झाला. तसं नाही. जंतू कातडीतच राहिला, पण त्याचे काही तुकडे, काही प्रोटीन्स रक्तात उतरली. शरीराने त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या, आणि त्या बनायला वेळ लागतो. म्हणूनच घशाच्या इन्फेक्शननंतर हा आजार साधारण १ ते ३ आठवड्यांनी दिसतो आणि कातडीच्या नंतर ३ ते ६ आठवड्यांनी. गणपती ते दसरा, मोजा तुम्हीच. फोड वाळले, खपल्या पडल्या, घरातले विसरले आणि तेव्हा तोंड सुजलं. लालज्वर म्हणजे याच जंतूने येणारा पुरळाचा ताप, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलं सुजतात हे युरोपातल्या डॉक्टरांना फार आधीपासून माहीत होतं, लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज, लघवीतलं प्रोटीन आणि बिघडलेली किडनी यांचा संबंध नीट मांडून दाखवला, पण मधले ते शांत दिवस कशाचे हा प्रश्न तसाच होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी सुचवलं की त्या दिवसांत शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असतं आणि त्यातूनच पुढचा आजार होतो. ते बरोबर निघालं.

तुमची एएसओ नॉर्मल का आली तेही इथेच सांगून टाकतो. ती टेस्ट या जंतूच्या एका विषाविरुद्धच्या अँटीबॉडी मोजते आणि घशाच्या इन्फेक्शननंतर वाढते. कातडीच्या फोडांनंतर ती बरेचदा वाढतच नाही, कारण कातडीतलं चरबीसारखं द्रव्य त्या जंतूच्या विषाला तिथेच अडकवून टाकतं. कातडीसाठी अँटी-डीएनेज बी नावाची दुसरी टेस्ट असते, ती सगळीकडे होत नाही. त्यामुळे एएसओ नॉर्मल म्हणून निदान चुकलं असं अजिबात नाही. याहून कामाची टेस्ट म्हणजे सी-थ्री, आणि ती तुमच्या पहिल्या रिपोर्टात खूप कमी आलेली आहे, तिच्याकडे परत येतो.

एकेका किडनीत साधारण १० लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे बारीक बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ, ग्लोमेरुलस म्हणतात तो, आणि त्याची रुंदी मिलिमीटरचा पाचवा भाग. हा गुच्छ एका पातळ पिशवीत बसलेला असतो. गुच्छाच्या नळ्यांना आतून अस्तर असतं त्या एक प्रकारच्या पेशी, नळ्यांना मधून धरून ठेवणाऱ्या मेसँजियल पेशी हा दुसरा प्रकार, आणि नळ्यांच्या बाहेरून पाय पसरून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी हा तिसरा. मोठ्या माणसाच्या दोन्ही किडन्यांतून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळलं जातं आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं, लघवी होते ती दीड-दोन लिटर. इतकं रक्त तिथून जातं म्हणून जंतूचे तुकडे अडकायची जागाही नेमकी तीच.

तर ते तुकडे अडकले, त्यांना अँटीबॉडी चिकटल्या. हे तुकडे कोणते यावर संशोधकांचं अजून पूर्ण एकमत नाही, दोन प्रोटीन्सची नावं पुढे आहेत, एक एसपीई-बी आणि दुसरं प्लाझ्मिनला पकडून ठेवणारं. चिकटल्यावर कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रोटीनची साखळी पेटते, सी-थ्री हा तिचाच एक भाग, तो भराभर वापरला जातो म्हणून रक्तात कमी दिसतो. ही साखळी पेटली की पांढऱ्या पेशींना हाक जाते. त्या रक्तातून येऊन गुच्छात घुसतात. पाहुण्या पेशी आहेत या, किडनीच्या नव्हेत. आणि त्या आल्या की तिथल्या रहिवासी पेशींनाही निरोप जातात, प्लेटलेटमधून आणि पांढऱ्या पेशींमधून निघणारी काही रसायनं असतात, पीडीजीएफ हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं, ते मेसँजियल पेशींना विभागायला लावतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार. अस्तराच्या पेशी फुगतात आणि त्याही वाढतात. म्हणजे रिपोर्टातली पेशींची गर्दी दोन ठिकाणची आहे, थोड्या बाहेरून आलेल्या आणि थोड्या तिथेच जन्मलेल्या.

मायक्रोस्कोपखाली हे बघायला मिळालं तर एका नजरेत कळतं. नेहमीच्या गुच्छात नळ्या उघड्या दिसतात, मधल्या भागात दोन-तीन निळी केंद्रकं, बाकी मोकळी जागा. तुमच्या मुलासारख्या स्लाइडमध्ये गुच्छ फुगून पिशवीला टेकलेला असतो आणि आत निळ्या ठिपक्यांची इतकी दाटी की नळी कुठली आणि मधला भाग कुठला ते ओळखू येत नाही, त्यात तुकड्यातुकड्यांचं केंद्रक असलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पेरल्यासारख्या. शिवाय एकच गुच्छ नाही, बघाल तो गुच्छ तसाच, 'डिफ्यूज' लिहिलंय ते त्यासाठी. चमकणाऱ्या रंगाने तपासलं की अँटीबॉडी आणि सी-थ्रीचे ठिपके अंधारात चांदण्यांसारखे दिसतात, पॅथॉलॉजीवाले त्या नक्षीला ताऱ्यांचं आकाश असंच नाव देतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये नळीच्या बाहेरच्या अंगाला उंटाच्या मदारीसारखे उंचवटे दिसतात. ते दिसले की पॅथॉलॉजिस्ट बऱ्यापैकी निर्धास्त होतो, कारण हे त्या आजाराचं ठरलेलं चित्र आहे.

आता या दाटीने काय होतं बघा. नळ्या आतून बुजल्या की गाळणं मंदावतं, क्रिएटिनिन बाहेर पडत नाही ते वाढतं, मीठ आणि पाणी अंगात साठतं, म्हणून डोळ्यांवर सूज आणि बीपी १५०. आणि जिथे भिंतीला इजा झाली तिथून लाल पेशी लघवीत पाझरतात, लघवी आंबट असते, तिच्यात राहून त्यांचा लाल रंग तपकिरी होतो, म्हणून चहाचा रंग. म्हणजे तुम्ही घरी जे जे बघितलं ते सगळं त्या दाटीचं बाहेरून दिसणारं रूप होतं.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. पेशी किती वाढल्या याला फार किंमत देऊ नका, त्या कुठे वाढल्या ते विचारा. तुमच्या रिपोर्टात 'एंडोकॅपिलरी' लिहिलंय, म्हणजे वाढ गुच्छाच्या आत आहे. आतली वाढ कितीही भरगच्च दिसली तरी मुलांमध्ये ती ओसरते. काळजीची वाढ वेगळी असते, गुच्छाच्या बाहेर, ज्या पिशवीत तो बसलाय त्या पिशवीच्या अस्तराच्या पेशी वाढून चंद्रकोरीसारखा थर बनतो आणि गुच्छाला बाहेरून दाबतो, त्याला क्रेसेंट म्हणतात. एखाददुसऱ्या गुच्छात असली कोर दिसली तर घाबरायचं कारण नसतं, पण निम्म्याहून जास्त गुच्छांत असेल तर तो आजार वेगळ्याच चालीचा, किडनी दिवसागणिक उतरते आणि तिथे मात्र जोरदार औषधं लागतात. तुमच्या मुलाचं क्रिएटिनिन तसल्या औषधांशिवाय उतरलं, त्यावरून तसं नसणार, पण रिपोर्टात क्रेसेंटचा आकडा लिहिलेला असतोच, तो बघून घ्यायचा.

आतल्या वाढलेल्या पेशी जातात कुठे? पाहुण्या पांढऱ्या पेशी पहिल्या काही आठवड्यांत कमी होतात. तिथेच जन्मलेल्या जास्तीच्या मेसँजियल पेशी मात्र उठून जाऊ शकत नाहीत, त्या स्वतःहून मरतात. हे मरण जखमेतल्यासारखं सडून नसतं, पेशी आतल्या आत आटते, तिचे छोटे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी आणि मॅक्रोफेज नावाच्या सफाईवाल्या पेशी ते गिळून टाकतात, आजूबाजूला आग होत नाही. याला ॲपोप्टोसिस म्हणतात. १९९० च्या दशकात उंदरांच्या किडनीत मुद्दाम अशी वाढ घडवून संशोधकांनी ती रोजच्या रोज बघितली, तेव्हा दिसलं की वाढलेल्या पेशी अशाच मरून मरून किडनी पुन्हा मूळच्या संख्येवर येते. निरोप थांबला, जंतूचे तुकडे साफ झाले, की जास्तीच्या पेशींना जगायला लागणारे इशारे मिळत नाहीत आणि त्या आवरतं घेतात. मधल्या भागात थोडी दाटी काही महिने राहू शकते, तिचं काही वाटून घ्यायचं नाही.

म्हणून तुम्हाला औषध दिलं नाही. पेशींचं विभाजन थांबवणारी औषधं आहेत, नाही असं नाही, स्टेरॉइडचे मोठे डोस, सायक्लोफॉस्फमाइड वगैरे, पण ती सगळ्या शरीराची प्रतिकारशक्ती खाली आणतात, आणि जी गोष्ट मुलांमध्ये आपली आपण ओसरते तिच्यासाठी ती देणं म्हणजे उगाच धोका घेणं. मोठ्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला ते योग्यच केलं, माझ्या मते तर हा त्यांच्या बाजूचा सगळ्यात चांगला निर्णय. नाहीतर आपल्याकडे औषध लिहिलं नाही की डॉक्टरला काही येत नाही असं म्हणायची पद्धत आहे. त्यांनी दिलेला १० दिवसांचा पेनिसिलीन गटातला अँटिबायोटिक उरलेला जंतू मारण्यासाठी, तो घरात इतरांना लागू नये म्हणून. किडनीतल्या पेशींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. सूज उतरायची गोळी आणि बीपीची गोळी, खरी ट्रीटमेंट ती.

बायोप्सी का केली असंही तुमच्या मनात असेल. साध्या केसमध्ये करत नाहीत, आठवडाभरात लघवी सुटते आणि गाडी रुळावर येते. तुमच्याकडे क्रिएटिनिन चढतच होतं, म्हणजे ती कोर आहे का हे बघणं भाग होतं. ती बघायलाच सुई घातली.

आता पुढे काय बघायचं. पहिलं बीपी. ८ वर्षांच्या मुलाचं वरचं बीपी साधारण १०० च्या आसपास असतं, सतत ११५ च्या वर दिसायला लागलं तर डॉक्टरांना फोन करा, आणि मोजायला मोठ्यांचा पट्टा वापरू नका, लहान मुलांचा वेगळा कफ मिळतो, पट्टा चुकीचा असला की आकडा चुकतो. डोकं खूप दुखतंय, उलट्या होतायत, अंधुक दिसतंय, मूल गुंगीत आहे, झटका आला, यातलं काहीही झालं तर आकडा मोजत बसू नका, रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठा. या आजारात मुलाला खरा धोका असतो तो पहिल्या काही आठवड्यांत, आणि तो वाढलेल्या बीपीचा आणि अंगात साठलेल्या पाण्याचा असतो. पेशींना घाबरून रात्र रात्र जागणारे आईबाप मी बघितलेत आणि त्यांच्याच घरात बीपीची गोळी 'आता बरा दिसतोय' म्हणून बंद केलेली असते.

दुसरं, लघवी आणि वजन. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर वजन. एका दिवसात अर्धा किलो वाढलं तर ते खाण्याचं नाही, पाण्याचं आहे. २० - २२ किलोच्या मुलाला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी व्हायला हवी.

तिसरं सी-थ्री. ती आजार सुरू झाल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत नॉर्मलला यायला हवी. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आली की निदानावर शिक्का बसला. नाही आली, तर मग सी-थ्रीचेच दुसरे आजार आहेत, ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, त्या बाजूने पुन्हा विचार करावा लागतो. पोरगं खेळायला लागलं की लोक ही टेस्ट हमखास टाळतात, तुम्ही टाळू नका.

लघवीचा रंग साफ झाला तरी मायक्रोस्कोपखाली लाल पेशी वर्ष-दीड वर्ष, कधी २ वर्षंही दिसू शकतात. त्यामुळे दर आठवड्याला लॅबमध्ये जाऊन 'आरबीसी ४-५' बघून रडायचं नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच तपासायची. प्रोटीन मात्र काही महिन्यांत जायला हवं, राहिलं तर दाखवायचं. आणि पुढे वर्षातून एकदा बीपी आणि लघवी, इतकं पुष्कळ.

खाण्याचं. मीठ कमी, हे एकच खरं पथ्य. वरून मीठ नाही, लोणचं, पापड, फरसाण, शेंगदाण्याची चटणी, वेफर्स, बेकरीचं बंद. भाजीत लसूण, जिरं, कोथिंबीर, लिंबू पिळा, चार दिवस कुरकुर करेल मग सवय होते. डाळ, दूध, अंडं बंद करू नका, क्रिएटिनिन उतरल्यावर त्याची काही गरज नाही, वाढीचं वय आहे. पाणी किती ते लघवी किती होते त्यावर डॉक्टर ठरवतात, 'किडनी धुऊन निघेल' म्हणून लिटरलिटर पाजणं हे या आजारात उलट काम आहे, जे बाहेर पडत नाही ते अंगात साठतं आणि फुप्फुसात उतरतं.

नारळपाणी नको. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी मंद असताना पोटॅशियम वाढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. लघवी भरपूर सुटली, रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की मग हौसेने प्यायला हरकत नाही, औषध म्हणून नको. गोखरूचा काढाही आत्ता नको, आयुर्वेदाला नावं ठेवायची म्हणून नव्हे, घरी उकळलेल्या काढ्यात काय किती उतरलं ते मोजता येत नाही आणि बऱ्या होत असलेल्या किडनीवर प्रयोग करायचे नसतात. ताप आला तर पॅरासिटामॉल, पण आयब्युप्रोफेन असलेलं सिरप नको, बाटलीवरचं नाव वाचून घ्या, दोन्ही एकत्र असलेली सिरपंही असतात.

शाळेत पाठवा, बीपी आटोक्यात आणि सूज नसेल तर. झोपवून ठेवल्याने पेशी लवकर कमी होत नाहीत.

सासूबाईंचं. वेळेवर अँटिबायोटिक दिलं असतं तर झालंच नसतं असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही, दिलेल्या मुलांनाही हा आजार होतो. सगळ्या स्ट्रेप्टोकोकसमुळेही होत नाही, त्याच्या ठरावीक जातीच किडनीला बाधतात, आणि त्या जातीची लागण झालेल्या सगळ्या मुलांनाही होत नाही. तेव्हा आईनं अंगावर काढलं हा आरोप मी मान्य करणार नाही. पण खरूज घरात राहिली हे मात्र सोडवायला हवं, आणि ते एकट्या आईचं काम नाही. त्रिनिदादच्या सॅन फर्नांडोमध्ये १९६० - ७० च्या दशकात या आजाराच्या साथी आल्या तेव्हा नीट अभ्यास झाला आणि खरजेत पिकलेले फोड आणि किडनीचा आजार यांचा धागा तिथे स्पष्ट दिसला. आपल्याकडच्या आश्रमशाळा, वसतिगृहं, एका खोलीत सहा जण झोपणारी घरं, चित्र फार वेगळं नाही.

म्हणून हे करा. पाच टक्के परमेथ्रिन क्रीम डॉक्टरांकडून लिहून घ्या, घरातल्या सगळ्यांनी, खाज असो नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, नखांखाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यात सुद्धा, आणि सकाळी आंघोळ. आठवड्याने पुन्हा एकदा. त्या दिवशीचे कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. जे धुता येत नाही ते आठवडाभर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. एकाने लावलं दुसऱ्याने नाही असं केलं तर महिन्याभरात किडा परत. खाज औषधानंतरही दोन-तीन आठवडे राहते, म्हणून रोज रोज क्रीम लावत सुटू नका.

आणि ती मेडिकलवाल्याची ट्यूब, तिचं नाव मला कळवा. आपल्याकडे स्टेरॉइड, फंगसचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेल्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय सर्रास विकतात. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लोक खूश होतात, किडा आणि जंतू आत मजेत राहतात. घरात उरलेली असेल तर फेकून द्या.

इंटरनेटवर तुम्ही डायलिसिसचं वाचलंय असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. ते बहुतेक मोठ्या माणसांचं असतं. शुगर असलेल्या, पायाला जखम असलेल्या साठीपुढच्या माणसाला असाच आजार बहुधा स्टॅफिलोकोकस नावाच्या दुसऱ्या जंतूने होतो, आणि त्यांची किडनी पुष्कळदा पूर्ण सावरत नाही. ब्राझीलच्या नोव्हा सेरानामध्ये १९९७ - ९८ ला कच्च्या दुधाच्या चीजमधून जनावरांचा स्ट्रेप्टोकोकस पसरून मोठी साथ आली होती, तिथे बहुतेक रोगी मोठे होते आणि पुढे कित्येकांचं बीपी आणि किडनी बिघडलेली राहिली. मुलांचा हिशोब वेगळा, शंभरातली पंच्याण्णवहून जास्त मुलं पूर्ण बरी होतात. सासूबाईंना शुगर असेल तर मात्र त्यांच्या पायाच्या भेगा आणि जखमा जरूर बघत जा.

परत होईल का? फार क्वचित. ज्या जातीचा जंतू बाधला तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती टिकते. कुणी सांगेल की दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, ते संधिवाताच्या तापात, हृदयाच्या झडपा सांभाळायला, जंतू एकच असल्यामुळे लोक दोन्हीची गल्लत करतात. तुमच्या मुलाला ते लागत नाही.

एक राहिलं. तुम्ही बायोप्सीच्या रिपोर्टाचं पहिलंच पान पाठवलंय. एकूण गुच्छ किती मिळाले आणि क्रेसेंट कितीत दिसले ते दुसऱ्या पानावर असेल. ते पान आणि आठव्या आठवड्याचा सी-थ्रीचा आकडा, दोन्ही पाठवा.